वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर, १८८२ : सोलापूर - ८ एप्रिल, १९५३ : सिद्धपूर, गुजरात) हे एक भारतीय उद्योजक होते. रेल्वे व बांधकामाची कंत्राटे, जहाजवाहतूक, साखर, विमाननिर्मिती, जहाजबांधणी आणि मोटारनिर्मिती अशा एकमेकांपासून दूरच्या क्षेत्रांत त्यांनी उद्योग उभारले. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन, हिंदुस्तान एअरक्राफ्ट आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपन्यांच्या स्थापनेत त्यांचा प्रमुख वाटा होता. प्रस्तुत लेखात त्यांच्या मोटार कारखान्याच्या योजनेचा विचार अधिक विस्ताराने केला आहे. त्यांच्या सर्व उपक्रमांत सर्वाधिक काळ रखडलेली आणि त्यांच्या हयातीत अपुरी राहिलेली योजना हीच होय.

प्रारंभिक जीवन

दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. ते दिगंबर जैन पंथाचे असून व्यापाराच्या निमित्ताने सोलापुरात स्थायिक झाले होते. वडील हिराचंद नेमचंद यांचा सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. वालचंदांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या आईचे निधन झाले. घरात गुजराती आणि गावात मराठी अशा दोन भाषांत ते वाढले. सोलापुरात शालेय शिक्षण झाल्यावर त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि नंतर पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात प्रवेश घेतला. परंतु पदवी न घेताच ते घरच्या व्यवसायात परतले. पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमले नाही.

लक्ष्मण बळवंत फाटक हे रेल्वेतील माजी कारकून होते. कंत्राटाच्या कामातील खाचाखोचा त्यांना ठाऊक होत्या, पण भांडवल नव्हते. वालचंदांकडे घरच्या पेढीची पत होती. या दोघांच्या भागीदारीतून फाटक-वालचंद ही कंपनी निघाली. बार्शी लाइट रेल्वे या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या अरुंदमापी मार्गाच्या बार्शीपासून पुढील विस्ताराचे काम हे त्यांच्या आरंभीच्या कंत्राटांपैकी एक होय. पुढे बोरघाटातील रेल्वे बोगदे, तानसा तलावापासून मुंबईला पाणी आणणारी नळवाहिनी, इरावती नदीवरील पूल अशी मोठी कामे वालचंदांच्या कंपन्यांनी केली. १९२० च्या सुमारास फाटक-वालचंद कंपनी टाटा कन्स्ट्रक्शनमध्ये विलीन झाली. या कंपनीचे पुढे प्रीमियर कन्स्ट्रक्शन असे नामांतर झाले. मोटारींमुळे घरोघरी पोहोचलेले प्रीमियर हे नाव मुळात असे बांधकामातून आलेले आहे. १९२६ साली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली.

जहाजवाहतूक

१९१९ साली दिल्लीहून मुंबईस परतताना रेल्वेच्या प्रवासात वालचंदांना लॉयल्टी हे जहाज विक्रीस असल्याचे कळले. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे हे जुने प्रवासी जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी पहिल्या महायुद्धात रुग्णालय-जहाज म्हणून वापरण्यासाठी घेतले होते. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्यासह वालचंदांनी ते विकत घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाले. हा दिवस १९६४ पासून भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

पहिले जहाज तोट्यातच गेले आणि काही वर्षांत मोडीत निघाले. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशनने वाहतुकीचे दर पाडून नव्या कंपनीची कोंडी केली. १९२३ साली १० वर्षांचा करार झाला आणि किनारी वाहतुकीत सिंदियाला मर्यादित वाटा मिळाला. १९२९ पासून १९५० पर्यंत वालचंद कंपनीचे अध्यक्ष होते. या झगड्यातून त्यांची एक धारणा पक्की झाली. परकीय सरकारचा पाठिंबा स्पर्धकाला असेल, तर केवळ भांडवल आणि कौशल्य यांच्या बळावर उद्योग टिकत नाही, असे ते मानू लागले. त्यानंतरच्या प्रत्येक योजनेत त्यांनी आधी सरकारी खरेदीची किंवा संरक्षणाची हमी मागितली. आणि बहुधा ती त्यांना नाकारली गेली.

शेती व साखर

नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील इंदापूरजवळचे कळंब येथे त्यांनी मोठ्या क्षेत्रावर उसाची शेती आणि साखर कारखाने उभारले. कळंबच्या वसाहतीस पुढे वालचंदनगर हे नाव पडले. कारखान्याच्या दुरुस्तीसाठी सुरू झालेल्या तेथील कार्यशाळेतून कालांतराने अवजड यंत्रनिर्मिती वाढली. १९२७ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे ते पहिले अध्यक्ष होते. १९३२-३३ मध्ये भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते.

मोटार कारखान्याची योजना

पार्श्वभूमी

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली होती. त्यानंतर फोर्डनेही भारतात जुळणीचे कारखाने काढले. या कारखान्यांत इंजिन, गिअरबॉक्स, आस आणि चासी परदेशातून पेट्यांत भरून येत. येथे ते बोल्टने जोडले जात, रंग दिला जाई आणि गाडी रस्त्यावर येई. कामगारांना रोजगार मिळे, पण मोटार कशी बनते हे ज्ञान देशात येत नसे.

जुळणी आणि निर्मिती यांतील अंतर सर्वाधिक जाणवते ते इंजिन आणि गिअरबॉक्स या दोन भागांत. आसने, काचा, पाटे, टप यांसारखे भाग साध्या कार्यशाळेतही करता येतात. सिलिंडर ब्लॉकसाठी मात्र आत पोकळ पाणवाटा असलेले बिनचूक ओतकाम लागते. क्रँकशाफ्टसाठी घडाई केलेले विशेष पोलाद, आणि गिअरसाठी दाते कापण्याची यंत्रे व नंतरची उष्णता-प्रक्रिया लागते. ही प्रक्रिया चुकल्यास वरून चांगला दिसणारा गिअर थोड्या दिवसांत झिजतो किंवा त्याचे दात तुटतात. यंत्रे महाग असल्याने वर्षाला काही हजार गाड्यांची मागणी असल्याखेरीज हा खर्च भरून येत नाही. मागणी नाही म्हणून कारखाना नाही, आणि कारखाना नाही म्हणून मागणी आयात मालाकडे जाते, असा हा पेच होता.

महाराष्ट्रात त्या काळी इंजिननिर्मितीचे काही प्रयत्न चालू होते. साताऱ्याच्या कूपर इंजिनिअरिंगमध्ये डिझेल इंजिने तयार होत. ही कंपनी पुढे वालचंद समूहात आली. परंतु शेतावर एका जागी बसून एकाच गतीने पंप चालवणारे इंजिन आणि मोटारीचे इंजिन यांत फरक आहे. मोटारीचे इंजिन हलके असावे लागते. त्याची गती सतत बदलते. क्लच, गिअरबॉक्स, मागील आस आणि गाडीचे वजन यांच्याशी त्याचे गणित जुळवूनच ते आखावे लागते.

वाटाघाटी

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून भारतात मोटार कारखाना काढण्याची योजना तयार केली होती. वालचंदांनी ती उचलून धरली. योजनेचा गाभा असा होता की, एखाद्या अनुभवी परदेशी कंपनीकडून आराखडे आणि तांत्रिक साहाय्य घ्यावे, आरंभी जुळणी करावी आणि टप्प्याटप्प्याने एकेक आयात भाग काढून त्याच्या जागी देशी भाग बसवावा. मालकी व नियंत्रण मात्र भारतीयांकडे राहावे.

या शेवटच्या अटीवरच फोर्डशी झालेली बोलणी फिसकटली. ब्रिटिश साम्राज्यातील बाजारपेठ फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे सोपवलेली होती आणि भारतीय बहुमताच्या कंपनीस नाव व तंत्र देण्यास ती राजी नव्हती. क्रायस्लर कंपनीने तुलनेने अनुकूल भूमिका घेतली. भागभांडवलात वाटा न मागता मानधन घेऊन तांत्रिक साहाय्य देण्याची तिची तयारी होती. हा फरक वालचंदांच्या दृष्टीने निर्णायक ठरला.

मुंबई प्रांतात १९३७ मध्ये अधिकारावर आलेल्या बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने योजनेस सहानुभूती दाखवली होती. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यानंतर म्हैसूर संस्थानाने कारखाना आपल्याकडे काढण्यात रस घेतला. परंतु भारत सरकारने मोटार कारखान्यास युद्धकार्याचा भाग मानण्यास नकार दिला. यंत्रसामग्रीसाठी लागणारे डॉलर मिळाले नाहीत, आणि सैन्याच्या गाड्यांच्या खरेदीची हमीही नाही. याच काळात उत्तर अमेरिकेतून सुट्या भागांच्या रूपात सैनिकी ट्रक भारतात येत होते आणि परदेशी कंपन्यांच्या कारखान्यांत त्यांची जुळणी होत होती. त्यामुळे गाड्यांची गरज नव्हती, हे कारण टिकणारे नव्हते. युद्धानंतरच्या बाजारपेठेत भारतीय प्रतिस्पर्धी नको, हा विचार नकारामागे होता, असा आरोप भारतीय उद्योजकांनी तेव्हा उघडपणे केला.

विमान आणि जहाजे

मोटारीच्या बोलणीसाठी १९३९ मध्ये अमेरिकेस गेलेले वालचंद परतीच्या विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकी विमान-उद्योजकास भेटले. पॉली चीनमध्ये विमान कारखाना चालवत होते. या योगायोगाच्या भेटीतून २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. म्हैसूर संस्थान तीत भागीदार होते. पुढे भारत सरकारनेही वाटा घेतला. अमेरिकेतून आलेल्या भागांपासून तयार केलेले हार्लो जातीचे पहिले प्रशिक्षण विमान १९४१ साली उडाले. जपानी आक्रमणाची भीती वाढल्यावर एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा घेऊन कारखाना ताब्यात घेतला. मोटारीसाठी आखलेला प्रवास विमानात फळला आणि ते विमानही दीड वर्षात हातचे गेले. हाच कारखाना १९६४ पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्स या नावाने ओळखला जातो.

२१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे सिंदियाच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. तेथे बांधलेले जलउषा हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. १९५२ साली या कारखान्यातही सरकारने बहुमताचा वाटा घेतला.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स

सरकारी हमीची वाट न पाहता वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ला येथे कारखान्याचे काम सुरू केले. बिर्ला समूहाने हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी १९४२ साली काढली होती. तिने ब्रिटनच्या मॉरिस कंपनीचे साहाय्य घेतले. कुर्ल्याहून १९४७ मध्ये क्रायस्लरच्या आराखड्यांवरील गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या नावांच्या मोटारी आणि डॉज व फार्गो या नावांचे ट्रक असा हा माल होता.

पहिली गाडी बाहेर पडली तरी मूळ उद्दिष्ट दूरच होते. पहिल्या वर्षांतील गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स अमेरिकेचेच असत. म्हणजे ज्या प्रकारच्या जुळणीवर वालचंदांनी टीका केली होती, तिच्यापासूनच त्यांना आरंभ करावा लागला. हे मूळ योजनेत अपेक्षितच होते. पण पुढच्या टप्प्यासाठी लागणारी बाजारपेठ मिळेना. आयात गाड्या अजून येत होत्या, परकीय चलनाची टंचाई होती आणि फाळणीनंतर मागणी घसरली होती. शिवाय निवडलेली गाडी भारतासाठी मोठी होती. क्रायस्लरचे सहा सिलिंडरचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन दणकट असले, तरी पेट्रोल फार पिई आणि ज्या मध्यमवर्गाकडून हजारोंच्या संख्येने मागणी यावयास हवी होती त्याला ते परवडणारे नव्हते. या निवडीबद्दल वालचंदांना दोष देता येतो, पण भारतीय मालकीस मान्यता देणारी कंपनी त्यांना क्रायस्लरच मिळाली, हेही लक्षात घेतले पाहिजे.

यावर उपाय म्हणून पन्नासच्या दशकाच्या आरंभी कंपनीने इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य केले. १९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० या लहान मोटारीची जुळणी होऊ लागली. चार सिलिंडरचे, १,०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिन आणि सुकाणूच्या दांड्यावरील दट्ट्याने चालणारा चार गतींचा गिअरबॉक्स हे तिचे वैशिष्ट्य. मोठ्या अमेरिकी यंत्रणेकडून लहान इटालियन यंत्रणेकडे झालेला हा बदल योजनेस वाचवणारा ठरला. इंजिन लहान असल्याने ओतकाम व यंत्रकाम आवाक्यात आले, आणि गाडी स्वस्त असल्याने मागणी वाढली. मालवाहू गाड्यांतही पुढे पेट्रोल इंजिनांच्या जागी पर्किन्स जातीची डिझेल इंजिने बसू लागली.

१९५३ साली प्रशुल्क आयोगाच्या शिफारशींनंतर, निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना केवळ जुळणी चालू ठेवता येणार नाही असे धोरण ठरले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी भारतातील जुळणी बंद केली. वालचंदांनी जवळजवळ १५ वर्षे मागितलेले संरक्षण त्यांच्या मृत्यूच्या वर्षी मिळाले. फियाटचे इंजिन व गिअरबॉक्स येथेच टप्प्याटप्प्याने बनवण्याचे काम त्यांचे बंधू लालचंद हिराचंद यांच्या कारकिर्दीत झाले.

अखेरचा काळ

१९४९ साली वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले आणि उद्योगांचा कारभार बंधूंकडे गेला. आजारपणात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

एका उद्योगाचा पैसा आणि पत दुसऱ्यासाठी वापरून एकाच वेळी अनेक आघाड्या उघडण्याची वालचंदांची पद्धत होती. त्यामुळे त्यांचे उद्योग वारंवार आर्थिक ओढाताणीत सापडत. विमान व जहाजबांधणी ही क्षेत्रे खाजगी भांडवलाच्या आवाक्याबाहेरची होती, हे सरकारने ती ताब्यात घेतल्यावर स्पष्ट झाले. मोटारीच्या बाबतीत संरक्षणाची दुसरी बाजूही दिसते. परकीय सत्तेशी झगडताना जे संरक्षण न्याय्य होते, त्याच्याच आडोशाने पुढील तीन दशके देशात मोजकीच मॉडेल्स बनत राहिली आणि फियाट मिळवण्यासाठी ग्राहकांना कित्येक वर्षे रांगेत थांबावे लागले. मात्र मुंबई-पुणे परिसरात सुटे भाग बनवणाऱ्या असंख्य लहान कारखान्यांना पहिले गिऱ्हाईक मिळाले ते कुर्ल्याच्या या कारखान्यामुळे. त्यांच्याशिवाय पुढचा मोटार उद्योग येथे इतक्या सहज रुजला नसता.

गंगाधर देवराव खानोलकर यांनी वालचंदांचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले आहे. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सोलापूरची वालचंद तंत्रशिक्षण संस्था त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. २००४ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

नंतरचा काळ

फियाट ११०० चे भारतीय रूप १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी या नावाने विकले जाऊ लागले. इंजिनाचा मूळ आराखडा तोच राहिला. १९८५ साली कंपनीने ११८ एनई ही गाडी आणली. तिचा सांगाडा फियाट १२४ चा होता, पण इंजिन व गिअरबॉक्स जपानच्या निस्सान कंपनीच्या आराखड्याचे होते. इंजिनाची क्षमता १,१७१ घनसेंटिमीटर होती. इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही त्याच कंपनीचा घेतल्याने क्लचच्या घराची जुळणी सोपी होते. मात्र इंजिन टेकवण्याचे आधार, मागील आसापर्यंत जाणाऱ्या दांड्याची लांबी, रेडिएटर आणि मागील आसाचे गुणोत्तर हे सर्व जुन्या सांगाड्याला धरून नव्याने बसवावे लागते. १९९० च्या दशकात पद्मिनीतही सुमारे १.४ लिटरचे इटालियन बनावटीचे डिझेल इंजिन देण्यात आले. तोवर नव्या मोटारींशी स्पर्धा करणे कंपनीस जमेनासे झाले होते, आणि शतकाच्या वळणावर पद्मिनीचे उत्पादन थांबले.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमध्ये ती आणखी बरीच वर्षे चालली. यांपैकी अनेक गाड्या पेट्रोलवरून नैसर्गिक वायूवर नेण्यात आल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीचे वय २० वर्षांपर्यंत मर्यादित असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावर आलेली नाही.